अणुकेंद्रकांची टक्कर आणि रुग्णाची खाट

सोन्याच्या दोन अणूंची केंद्रके प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के वेगाने समोरासमोर आणायची, त्यांची टक्कर घडवायची आणि त्यातून उधळलेले हजारो कण मोजून त्या क्षणी आत काय झाले असेल हे ताडायचे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २००० सालापासून हा उद्योग चालला. जिनिव्हाच्या ‘सर्न’मध्ये २०१० पासून २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात शिशाची केंद्रके आदळवली जातात. जर्मनीत डार्मस्टाट येथे त्याहून बऱ्याच कमी ऊर्जेच्या, पण द्रव्य चांगलेच दाबून धरणाऱ्या टकरी होतात. या प्रयोगांत भारतीय शास्त्रज्ञ आहेत आणि त्यासाठी भारताचा पैसाही खर्च होतो.

अशी बातमी छापून आली की एक प्रश्न ठरलेला असतो : याचा सामान्य माणसाला उपयोग काय? जिथे एका खाटेवर दोन रुग्ण झोपतात आणि तपासणीची तारीख महिन्यानंतरची मिळते, त्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. तो रास्तही आहे. त्याला दोन तयार उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, ‘हा पैसा दवाखान्यांना द्या.’ दुसरे, ‘यातूनच उद्या कॅन्सरवर इलाज निघेल.’ दोन्ही उत्तरे ऐकायला बरी वाटतात, पण दोन्ही अर्धवट आहेत. या टकरींचा आणि रुग्णाच्या खाटेचा संबंध खरा आहे. तो कसा जुळला आणि आपल्याकडे कुठे तुटतो, हे नीट पाहिले तर कोणाकडे काय मागायचे तेही कळते.

दाबले तर किती दबते?

आपल्या शरीराचे, दगडाचे, पाण्याचे जवळजवळ सगळे वस्तुमान अणूंच्या केंद्रकात असते. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन इतके खच्चून भरलेले असतात, की त्याच घनतेचे द्रव्य साखरेच्या चौकोनी खड्याएवढे, म्हणजे एक घनसेंटिमीटर घेतले तर त्याचे वजन सुमारे २५ कोटी टन भरेल. पाणी किती तापवले की उकळते, किती थंड केले की गोठते, हे शाळकरी मुलाला ठाऊक असते. ज्या द्रव्याचे आपण सारे बनलो आहोत, त्याच्याबद्दल मात्र इतके साधे प्रश्नही परवापरवापर्यंत अनुत्तरित होते. ते दाबले तर किती दबते? तापवले तर वितळते का? वितळून वाहते कसे?

केंद्रक दाबायला कुठला दट्ट्या नाही आणि तापवायला कुठली शेगडी नाही. दोन जड केंद्रके एकमेकांवर आदळवणे हा पृथ्वीवर उपलब्ध असलेला एकमेव मार्ग आहे. अडचण वेळेची आहे. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक हजार कोटी भाग करा. त्यातल्या एका भागापेक्षाही कमी वेळात सारा प्रकार आटोपतो. इतक्या वेळात कुठलेही उपकरण आत घालता येत नाही. हाती लागतात ते बाहेर उडालेले कण. ब्रुकहेवनच्या एका थेट टकरीत विद्युतभार असलेले सुमारे पाच हजार कण निघतात. त्यांच्यावरून मागे जात आतली अवस्था ओळखायची असते.

डॉक्टरला ही पद्धत परकी वाटू नये. पोट न उघडता पोटातला आजार ओळखायचा, हेच त्याचे रोजचे काम आहे, आणि शास्त्रज्ञांच्या युक्त्याही ओळखीच्या आहेत. कोविडच्या काळात दारोदारी कपाळासमोर धरला जाणारा तापमापक शरीरातून निघणाऱ्या किरणांवरून ताप सांगत असे. टकरीतल्या द्रव्यातूनही प्रकाशकण निघतात आणि त्यांच्या ऊर्जेवरून २०१० मध्ये तापमान काढण्यात आले. ते सुमारे चार लाख कोटी अंश सेल्सिअस आले, सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पटींहून अधिक. दुसरी युक्ती एक्स-रेची. टकरीत कधीकधी फार वेगवान कणांचा झोत तयार होतो. त्याला द्रव्यातून बाहेर पडताना किती अडथळा झाला यावरून ते द्रव्य किती दाट आहे हे समजते. हाडाने किरण अडवले की फिल्मवर पांढरे दिसते, त्याच जातीचा हा तर्क आहे.

तिसरी युक्ती प्रवाहाची, आणि तिनेच सर्वांना चकित केले. दोन केंद्रके थोडी बाजूने आदळली, तर त्यांचा एकमेकांवर आलेला भाग बदामाच्या आकाराचा असतो. आतले द्रव्य वायूसारखे विरळ असते, तर कण सगळ्या दिशांना सारखेच पांगले असते. प्रत्यक्षात बदामाच्या अरुंद बाजूकडून ते जोराने बाहेर आले. सगळे द्रव्य एकत्र, एका लोंढ्यासारखे वाहत होते. एप्रिल २००५ मध्ये ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्यातले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे झाल्यावर जे द्रव्य तयार होते ते वायू नसून जवळजवळ आदर्श द्रव आहे. रक्त घट्ट झाले की त्याचा प्रवाह मंदावतो, हे वैद्यकात पहिल्या वर्षीच शिकवले जाते. या द्रवाचा घट्टपणा योग्य मापाने मोजला तर पाण्याच्या तुलनेतही कितीतरी कमी भरतो. विश्वाच्या जन्मानंतर पहिल्या काही लाखांश सेकंदांत सारे विश्व याच द्रवाचे होते असे मानले जाते.

या अवस्थेला ‘क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा’ म्हणतात. रक्तातल्या प्लाझ्माशी तिचा संबंध नाही, निदान थेट नाही. पण भौतिकशास्त्रात हा शब्द आणला तो अमेरिकी शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी, १९२० च्या दशकात, आणि विद्युतभारित वायू पाहून त्यांना रक्तद्रवाचीच आठवण झाली होती असे सांगतात.

तापवण्याची गोष्ट ही अशी. दाबण्याची गोष्ट आणखी दूर, थेट ताऱ्यांपर्यंत जाते. सूर्याहून कितीतरी मोठे तारे मेल्यावर काही वेळा त्यांचा गाभा आकसून न्यूट्रॉन तारा उरतो. त्यात सूर्याहून जास्त वस्तुमान जेमतेम २४ किलोमीटर रुंदीच्या गोळ्यात, म्हणजे मुंबईतल्या कुलाब्यापासून अंधेरीपर्यंतच्या अंतरात, कोंबलेले असते. तो स्वतःच्या वजनाने कोसळत का नाही? कारण केंद्रकातले द्रव्य एका मर्यादेपलीकडे दबायला नकार देते. ते कापसाच्या गादीसारखे मऊ आहे की काथ्याच्या गादीसारखे ताठ, यावर त्या ताऱ्याचे आयुष्य अवलंबून आहे. २००२ मध्ये पावेल डॅनिएलेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टकरींतल्या प्रवाहावरून नेहमीच्या दोन ते पाच पट घनतेला या द्रव्याचा दाब किती असतो याच्या मर्यादा बांधल्या. माणसाने प्रयोगशाळेत निर्माण केलेल्या दाबांत त्याच्या तोडीचा दुसरा नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होतानाच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. ती घटना सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरची. २०२२ मध्ये डार्मस्टाटच्या टकरींची मापे आणि या ताऱ्यांची निरीक्षणे एकत्र मांडली गेली, तेव्हा दोन्ही एकमेकांशी जुळली. केंद्रकाएवढ्या टकरीचा आणि डोंगर गिळणाऱ्या टकरीचा हिशेब एकाच वहीत बसला.

यात कुठेही रुग्ण नाही, आणि तो जबरदस्तीने आणायचेही कारण नाही. आपण ज्याचे बनलो ते काय आहे, हा प्रश्न स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो.

एक यंत्र, दोन कामे

तरीही रुग्ण या गोष्टीत आले, ते मागच्या दाराने नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कले येथे १९५४ पासून ‘बेव्हाट्रॉन’ हे मोठे त्वरक यंत्र होते. १९७० च्या दशकात त्याला जड आयन पुरवणारे दुसरे यंत्र जोडले आणि जोडगोळीला ‘बेव्हलॅक’ हे नाव पडले. जड केंद्रके आदळवून अणुद्रव्य दाबण्याचे पहिले मोठे प्रयोग तिथे झाले. दाबलेले द्रव्य एकत्रितपणे वाहते याचा स्पष्ट पुरावा १९८४ मध्ये याच यंत्रावर मिळाला. आणि याच यंत्रातून १९७७ ते १९९२ या काळात कॅन्सरच्या ४३३ रुग्णांवर निऑन आयनांचे उपचार झाले. भौतिकशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यंत्राचा वेळ वाटून घेत.

यामागे दोन जुन्या गोष्टी होत्या. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियात अॅडलेड येथे विल्यम हेन्री ब्रॅग यांनी दाखवले होते, की अल्फा कण पदार्थातून जाताना वाटेत थोडीथोडी ऊर्जा सोडतो आणि थांबण्याच्या अगदी आधी एकदम बरीच सोडतो. आलेखात शेवटी उंच टोक दिसते. १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने किरणोपचाराच्या नियतकालिकात लिहिले, की हे टोक गाठीवर बसवता आले तर कॅन्सरवर नेमका मारा करता येईल. १९५४ मध्ये बर्कलेतच कॉर्नेलिअस टोबायस आणि जॉन लॉरेन्स यांनी प्रोटॉनचा पहिला उपचार केला.

त्यानंतरची साखळी सरळ आहे. जपानमध्ये चिबा येथे १९९४ मध्ये खास उपचारासाठी जड आयनांचे यंत्र सुरू झाले. डार्मस्टाटच्या ज्या त्वरकावर सोन्याची केंद्रके आदळवून अणुद्रव्य दाबले जात होते, त्याच त्वरकातून १९९७ ते २००८ दरम्यान वर्षातले ठरावीक आठवडे कार्बन आयनांचे उपचार झाले. सुमारे ४४० रुग्णांनी ते घेतले. तो अनुभव घेऊन २००९ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या रुग्णालयात स्वतंत्र केंद्र सुरू झाले. तिथे रुग्णाभोवती फिरणारी किरणांची कमान सुमारे ६७० टनांची आहे, आणि ती मिलिमीटरच्या आतल्या अचूकतेने नेम धरते.

टक्कर रुग्णाच्या शरीरात

नेहमीच्या किरणोपचारात, ज्याला आपल्याकडे रुग्ण ‘शेक घेणे’ म्हणतात, एक्स-रे शरीरात शिरतात, कातडीखाली काही सेंटिमीटरवर सर्वाधिक मारा करतात आणि मग हळूहळू क्षीण होत पलीकडून बाहेर पडतात. गाठीच्या अलीकडचे आणि पलीकडचे निरोगी भागही भाजतात. कार्बन आयन वाटेत कमी इजा करतो, ठरलेल्या खोलीवर थांबतो आणि तिथे पेशींच्या डीएनएचे असे तुकडे करतो की पेशीला ते सहजी सांधता येत नाहीत. त्यामुळे त्याच मात्रेत त्याचा परिणाम एक्स-रेच्या दोन ते तीन पट मानतात.

पण शरीरातल्या ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजनच्या केंद्रकांना चुकवत आयन गाठीपर्यंत पोहोचतोच असे नाही. खोलवरच्या गाठीसाठी पाठवलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक आयन वाटेतच कुठल्या तरी केंद्रकावर आदळून फुटतात. त्यांचे हलके तुकडे थांबण्याच्या जागेच्या पुढे जातात आणि तिथल्या निरोगी भागाला थोडी मात्रा देतात. गाठ मेंदूच्या देठाला किंवा दृष्टीच्या नसेला खेटून असेल, तर ही ‘थोडी’ मात्रा डॉक्टरची झोप उडवते. म्हणजे जड आयनांची टक्कर बोगद्यात होते तशीच उपचाराच्या टेबलावर झोपलेल्या माणसाच्या आतही होते. किती आयन फुटतील, कोणते तुकडे निघतील, ते किती दूर जातील याची कोष्टके केंद्रकांच्या टकरी मोजणाऱ्यांनी तयार केली. ती नसती तर उपचाराचा आराखडा अंदाजपंचे झाला असता.

याच फुटण्याचा डार्मस्टाटच्या शास्त्रज्ञांनी उपयोगही करून घेतला. काही तुकडे कार्बन-११ आणि ऑक्सिजन-१५ या अस्थिर रूपांचे असतात. त्यांचे अर्धायुष्य अनुक्रमे सुमारे २० आणि २ मिनिटे असते, आणि ते पेट-स्कॅनमध्ये दिसतात. रुग्ण टेबलावर असतानाच किरण नेमके कुठे पोहोचले हे त्यामुळे तपासता येऊ लागले.

अंतराळवीरांच्या बाबतीतही हेच शास्त्र कामाला येते. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांना अंधारात डोळे मिटल्यावरही प्रकाशाचे ठिपके दिसत. अंतराळातून येणारे जड आयन डोळ्यातून जातात तेव्हा असे व्हावे, असा तर्क टोबायस यांनी १९५२ मध्येच केला होता. आज त्याच आयनांचा पेशींवर काय परिणाम होतो हे ब्रुकहेवनच्या त्वरकांच्या जोडीला उभारलेल्या विभागात तपासले जाते.

किती सांगायचे, किती नाही

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर! टकरींवर खर्च करा, कॅन्सर बरा होईल. डॉक्टरांनी नेमके इथेच थांबायला हवे. कार्बनचा फायदा कवटीच्या तळाशी होणारे कॉर्डोमा आणि कॉन्ड्रोसार्कोमा, लाळग्रंथींच्या काही गाठी, शस्त्रक्रिया करता न येणारे हाडांचे सार्कोमा अशा मोजक्या आजारांत चांगला दिसतो. जपानने हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या सार्कोमासाठी तो २०१६ मध्ये विम्यात घेतला. इतर अनेक कॅन्सरमध्ये तो एक्स-रेपेक्षा किंवा प्रोटॉनपेक्षा किती सरस आहे हे सांगणाऱ्या तुलनात्मक चाचण्या अजून थोड्याच आहेत. खर्च तर प्रचंड आहे. ज्या अमेरिकेत हे शास्त्र जन्मले, तिथे १९९३ मध्ये बेव्हलॅक बंद झाल्यावर पुढची तीन दशके जड आयनांचे एकही उपचारकेंद्र उभे राहिले नाही.

महाराष्ट्रात तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर घेऊन येणारा शेतमजूर किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर अंगावर काढून उशिरा येणारी बाई यांना आज कार्बन आयनांची गरज नाही. त्यांना लवकर निदान हवे, वेळेवर शस्त्रक्रिया हवी आणि साधे किरणोपचार यंत्र जवळ हवे. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे देशी यंत्र त्यांच्यातल्या पुष्कळांना पुरेसे आहे. खारघरच्या टाटा स्मारक केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. लहान मुलांच्या काही गाठींत त्यांचे मोल मोठे आहे. पण नेमक्या कोणाला ते द्यायचे हे ठरवणारा डॉक्टर नसेल, तर महागडे यंत्र नुसते जाहिरातीत शोभते.

मूलभूत विज्ञानाची बाजू मांडणाऱ्यांनीही जपून बोलावे. ज्या विल्सन यांनी १९४६ मध्ये कॅन्सरचा मार्ग दाखवला, तेच १९६९ मध्ये फर्मीलॅब या नव्या त्वरकाचे प्रमुख म्हणून अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे होते. देशाच्या संरक्षणाला याचा काय उपयोग, असे त्यांना विचारले गेले. थेट काहीच नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. कला, साहित्य, ज्ञान यांच्यामुळे देश रक्षण करण्याजोगा होतो आणि हे काम त्या जातीचे आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. कॅन्सरचा दाखला देण्याचा हक्क त्यांच्याइतका कोणालाच नव्हता. त्या उत्तरात त्यांनी तो दिला नाही. खोट्या आशेवर मिळवलेला पैसा पहिल्याच निराशेत बंद होतो, हे रुग्णाशी खोटे न बोलणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला पटेल.

हिंगोली आणि मधला पूल

आता पैशाचा प्रश्न. तो मराठी वाचकाच्या अगदी दारात आला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. विलीन होणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या लहरी तिथे टिपल्या जातील, आणि दाबलेले अणुद्रव्य मऊ की ताठ या प्रश्नाची आणखी मापे मिळतील. डार्मस्टाटच्या टकरीचा जोडीदार असा मराठवाड्यात येतो आहे. त्याच मराठवाड्यातला कॅन्सरचा रुग्ण किरणोपचारासाठी छत्रपती संभाजीनगर गाठतो, नाहीतर नातेवाइकांसह परळच्या फुटपाथवर मुक्काम टाकतो. ‘आधी दवाखाना, मग तारे’ असे तिथला कोणी म्हणाला तर त्याला अडाणी म्हणणे हा उद्धटपणा ठरेल.

पण वेधशाळा रद्द केली म्हणून दवाखाना येत नाही. अणुऊर्जा विभागाचा पैसा वाचला तर तो जिल्हा रुग्णालयाच्या खात्यात जमा होईल अशी कुठलीही व्यवस्था आपल्या देशात नाही. सरकारी रुग्णालयांत तर अनेकदा उलटेच घडते. यंत्राला निधी मिळतो, उद्घाटन होते, फोटो छापून येतो, आणि यंत्र चालवणाऱ्या माणसांची पदे रिकामी राहतात किंवा मंजूरच होत नाहीत. किरणोपचार यंत्राला केवळ डॉक्टर पुरत नाही. मात्रेचा हिशेब करणारा, यंत्राची रोज पडताळणी करणारा आणि सुरक्षेची जबाबदारी घेणारा मेडिकल फिजिसिस्ट लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार त्याच्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. रुग्ण त्याला क्वचितच पाहतो. पण किरण गाठीवर पडणार की शेजारच्या मज्जारज्जूवर, हे त्याच्या आकडेमोडीवर ठरते.

प्रयोगशाळा आणि खाट यांच्यामधला पूल हाच माणूस आहे. बर्कलेत, चिबात, डार्मस्टाटमध्ये पूल उभा राहिला, कारण केंद्रके आदळवणारे आणि रुग्ण तपासणारे एकाच आवारात बसत, एकमेकांची भाषा शिकत. आपल्याकडे दोन्ही काठ मजबूत आहेत. सर्नच्या ‘अॅलिस’ प्रयोगातले आणि ब्रुकहेवनच्या ‘स्टार’ प्रयोगातले फोटॉन मोजणारे उपकरण कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्राच्या पुढाकाराने, बिकाश सिन्हा यांच्या प्रेरणेतून, भारतीय विद्यापीठांनी बनवले. ‘अॅलिस’साठी ‘मानस’ नावाची चिप कोलकात्यात आखली गेली आणि चंडीगडजवळ तयार झाली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८० च्या दशकाअखेरपासून जड आयनांचे पेलेट्रॉन यंत्र चालू आहे, आणि तिथे तयार झालेले विद्यार्थी जगभर आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र १९६२ पासून किरणोपचाराच्या भौतिकीचा अभ्यासक्रम चालवते. देशातल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या.

कमतरता आहे ती पुलाची. केंद्रक-भौतिकीत पीएच.डी. केलेल्या तरुणाला परदेशातली प्रयोगशाळा ठाऊक असते, पण आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात त्याच्या शिक्षणाला जागा असू शकते हे त्याला कोणी सांगत नाही. सांगितले तरी तिथे पद नसते. असले तर ते कंत्राटी असते आणि पगार खासगी रुग्णालयाच्या जवळपासही नसतो. किरणोपचाराचे डॉक्टर आणि भौतिकीचे संशोधक एका खोलीत बसलेत असे दृश्य मोजक्या संस्थांबाहेर दिसत नाही.

म्हणून मागणी नेमकी करावी. राज्यातल्या प्रत्येक सरकारी किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्टची नियमित पदे मंजूर व्हावीत आणि ती भरली जावीत. यंत्राची खरेदी आणि माणसाची नेमणूक एकाच आदेशात व्हावी. अणुऊर्जा विभागाच्या मोठ्या प्रकल्पांच्या मंजुरीत थोडा वाटा वैद्यकीय भौतिकीच्या विद्यावेतनांसाठी राखून ठेवावा. प्रकल्पाच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य असेल. आणि टकरींच्या, वेधशाळांच्या मूलभूत कामाला दर अर्थसंकल्पात ‘उपयोग सांगा’ म्हणून दारात उभे करू नये. ब्रॅग यांचा आलेख रुग्णापर्यंत पोहोचायला ५० वर्षे लागली. १९०४ मध्ये कोणी त्यांना उपयोग विचारला असता, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

हिंगोलीची वेधशाळा पुरी होईल तेव्हा मोठा समारंभ होईल, आणि तो व्हायलाच हवा. मराठवाड्यातल्या मुलांनी ती पाहावी, त्यातल्या काहींनी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मागे लागावे. त्याच दिवशी पत्रकारांनी आणि लोकप्रतिनिधींनी आणखी एक साधा आकडा विचारावा : मराठवाड्यातल्या सरकारी किरणोपचार यंत्रांवर आज किती मेडिकल फिजिसिस्ट नियमित पदावर काम करत आहेत?